दीडशे सांगितलेली साखर

आई, तुझी साखर दीडशे कधीच नव्हती. करोनातून उठलीस तेव्हा हाडांवर नुसती कातडी उरली होती, आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तुला भूक अशी लागायची की मला वाटे, खाऊ दे बिचारीला. तुझा हट्ट मला ठाऊक होता. आकडा वाढलेला कळला की तू ताट सारून उठणार. रोज सकाळी मी तुझं बोट टोचायचे आणि तू विचारायचीस, "किती आहे गे?" यंत्रावर तीनशे, कधी चारशे. मी म्हणायचे, "दीडशे." गोळ्या संपल्या की साखर आपोआप उतरेल, हे माझं मीच ठरवलेलं. तू निर्धास्तपणे दुसऱ्यांदा भात घ्यायचीस आणि मला कोण आनंद व्हायचा!

एका सकाळी तू दारात ठिपक्यांच्या रांगोळीचा कोलम काढायला बसलीस. तंजावूरची आपली अख्खी गल्ली तुझा कोलम बघत जायची, आणि त्या दिवशी ठिपके एकीकडे, रेघा भलतीकडे. मी हसले. "अय्यो आई, हे काय?" तू म्हणालीस, "दोन दोन दिसते गे. गाल पण बधिर आहे." अशक्तपणा असेल म्हणत मी तुला वाफ दिली. दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याला काहीच दिसेना. डॉक्टरांनी नाकात बघितलं. काळी बुरशी, डोळ्यापर्यंत गेलेली. "वाढलेल्या साखरेवर फोफावते ही. यांची साखर किती असायची?" मी तोंड उघडायच्या आत तूच ताठ मानेनं सांगितलंस, "दीडशे. माझी मुलगी रोज बघते." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. सहजच असेल, पण चोराच्या मनात चांदणं. मी आपली चपलांकडे बघत राहिले. डोळा काढला तरी तू वाचली नाहीस. शेवटपर्यंत नर्सला सांगायचीस, माझी लेक फार जपते. तेव्हाही मी खरं बोलले नाही. भित्री मी, दुसरं काय.

हे तू शिकवलेल्या देवनागरीत लिहितेय. घरात आता दुसऱ्या कुणाला ती वाचता येत नाही, त्यामुळे कागद टेबलावर उघडा राहिला तरी चालेल. आता मलाही साखर आहे. आज सकाळी बोट टोचलं, तेव्हा तुझी नात स्वयंपाकघरातून विचारत होती, किती आली म्हणून. यंत्रावर दोनशे ऐंशी होते. मी दीडशे म्हटलं.