घोळीचा खडा

कऱ्हाडखालचा कृष्णाकाठ,
११ सप्टेंबर, गुरुवार

चि. संयोगिता,

आजीचा आशीर्वाद. मागचे परीक्षेत खर्च झाले असतील, तर हा जपून वापर. लिहिणारी शेजारची जरिना हाय; अक्षर तिचं, खोड्या माझ्या. ती मधी मधी माझी भाषा शुद्ध करायला बघती. मी सांगितलंय, बाई, जलमभर मासं विकलं, धुऊन वास जायचा न्हाई.

हिकडं पाणी उतरलं. दाराम्होरच्या गाळात दोडक्याचा येल उगवलाय, कुणी न लावता. तुझी आई ठीक हाय. तुला परीक्षेला परत धाडल्यापास्नं कामाला जुंपून घेतलंय. तुझ्या बापाचं ताट रोज वाढती. सांजच्याला ते म्हशीपुढं जातं. या घरात बाळसं धरलं ते म्हशीनं.

फोन वाजला की ती आधी पळती, त्याचाच म्हणून. म्हणून ही चिठ्ठी. जरिनाचा भाऊ तारिक उद्या पहाटे टेम्पो घेऊन रत्नागिरीला मासळी आणायला जातोय, तो हॉस्टेलवर आणून देईल. त्याला च्या पाज.

संगं फडक्यात एक खडा बांधून देते. काल कालवणाच्या माशाच्या डोक्यात घावला. शिमग्याला तू डबीभर खडे आणले हुतेस. म्हणालीस, "आजी, हे माशाच्या कानातले." मी म्हटलं, "बरं झालं, या घरात कुणाला तरी ऐकू येतंय." तू एकेक माझ्या हातावर ठेवलास. जातीजातीचा आकार न्यारा. मासा कुजून गेला तरी खड्यावरनं जात कळती. मरळीचा चपटा, लांबुडका, भोपळ्याच्या बीवानी. समुद्रातल्या घोळीचा जाड, आन् त्यावर बेडकाच्या पिल्लागत खाच, डोकं आन् शेपूट. आपल्या नदीच्या माशाला ती खाच नसती म्हणालीस. मी डोळे मिटून सगळे वळखले तवा तू मला कॉलेजात चल म्हणालीस. तिथं तपकीर चालती का ते सांगितलं न्हाईस, म्हणून ऱ्हायलं.

तर हा कशाचा ते बघ.

जरिना पेन ठेवून माझ्याकडं बघतीया. बरं बाई, खरं लिही.

काल घरात मासा नव्हता. पुरात तुझ्या बापाची नाव त्याच्यासकट गेली तवापास्नं शिजला न्हाई. तुझी आई म्हणती, नदीतल्या माशानं काय खाल्लं असंल, कुणाला ठावं.

मंगळवारी पोलिसांनी आमाला सांगलीला बोलावलं. म्हैसाळच्या बंधाऱ्याला एक माणूस घावला हुता. तोंडावरनं वळखावं असं काय ऱ्हायलं नव्हतं. तुझ्या आईनं सदऱ्याची चिंधी बघितली आन् म्हणाली, "ह्यो रंग आमचा न्हाई." इतकं दिस गाळात पडल्यावर रंग कुणाचा ऱ्हातो? पर ती खोटं बोलली न्हाई. तिला तसंच दिसलं.

गळ्यात तांब्याचा ताईत हुता. ती म्हणाली, "असले काठावर घरोघरी हायेत." हेबी खरं. आपल्या आळीत पोर जलमलं की नळीत मरळीचा खडा घालून लाखेनं बंद करत्यात. मरळ चिखलातनंबी जिती निघती म्हणून. हवालदारानं लाख फोडली, नळी झटकली, खडा माझ्या हातावर पडला. "आजी, कशाचा म्हणायचा?" म्हटलं, "साहेब, मी अडाणी, मला काय कळतंय?" नळी त्यानं पाकिटात घातली. खडा माझ्या मुठीत ऱ्हायला.

आता ऐक. तुझा बाप जलमला त्या साली नदी आटली हुती. मरळ मिळंना. तुझा आजा चिपळूणच्या बाजारातनं घोळीचं डोकं घेऊन आला, त्यातला खडा मी नळीत घातला. सासूला मरळीचाच म्हणून सांगितलं. तुझ्या आईलाबी ठावं न्हाई. मला वाटलं, समदे पूर शेवटी समुद्राच्याच दारात जात्यात, तिथल्या माशाला पुराचं कसलं भ्या.

येताना एस्टीत तुझ्या आईनं इचारलं, "आत्याबाई, मुठीत काय?" म्हटलं, "बडीशेप." ती म्हणाली, "मला द्या की थोडी." मी खिडकीतनं बाहेर बघत बसले.

सोमवारपत्तोर कुणी आलं न्हाई तर बेवारस म्हणून उरकतील. माझं रगत जुळवून बघता येतं, ते इचारून आले. पर आधी तू बघ. माझा अंगठा म्हातारा, विळीनं चिरलेला, नसंल तिथं त्याला शेपूट लागत असंल. तू भिंगाखाली धर. मरळीचा निघाला तर फोन कर आन् तुझ्या आईला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं हास मला. घोळीचा निघाला तर फोन करू नको. सांगलीची गाडी धर. शनिवारी मी स्टँडवर रसाच्या गाड्याजवळ बसून असंन. आधी त्याला आपला म्हणू. मग घरी जाऊ. तिथं बोलायचं तू. मी तिला धरीन.

पितरपाख लागलाय. तुझ्या आजाचं पान मांडायचंच हाय. शेजारी आणखी एक मांडायचं का, ते तू आल्यावर.

जरिना सही इचारतीया. मी कवा सही केली? अंगठा उठवते. मंगळवारपास्नं खडा त्याच्याखालीच हाय, त्यामुळं कातड्यावर खाच उठलीय. शाईत नीट बघ, शेपूटबी दिसंल.

नाथाजीची आई,
बनुबाई