सामायिक विहिरीतले ऑस्कर

१२ एप्रिल, शनिवार

आज पुन्हा दोन्ही ऑस्कर माशांची मारामारी! थोरल्याने धाकट्याचा जबडाच तोंडात धरला आणि दोघं टाकीभर एकमेकांना ओढत राहिले. पाणी उडालं ते थेट सायबिणीच्या, मेरीमातेच्या, तसबिरीवर. तळातली वाळू उकरून कोपऱ्यात ढीग केलाय. मधल्या सपाट दगडावरचं शेवाळ मात्र खरवडून साफ — माझ्या पाट्यापेक्षा स्वच्छ! येडे कुठले.

संध्याकाळी नेल्सनचा बोटीवरून व्हिडिओ कॉल. त्याला दाखवलं तर ओरडलाच, "गो प्रिन्सी, एक मरतलो! दोनय दादले आसत ते!" दोन्ही नरच, अशी त्याची खात्री. त्यानेच आणले होते दोन वर्षांपूर्वी. शर्टाच्या बटणाएवढे होते तेव्हा, काळ्या अंगावर पांढऱ्या नागमोडी रेघा. मलाही गोड वाटले होते, खोटं कशाला बोलू. आता एकेक ताटाएवढा झालाय. नवरा समुद्रावर आणि त्याचे ऑस्कर माझ्या डोक्यावर.

१५ एप्रिल

टाकी कोपऱ्यातून गळतेय. खाली परात ठेवली.

१९ एप्रिल, शनिवार

उद्या ईस्टर आणि मी सकाळपासून कळशा ओढतेय! टाकीचं पाणी बदललं नाही तर घरभर वास. विहीर आमची आणि शेजारच्या नर्मदाकाकीची सामायिक, आणि तळ दिसायला लागलाय. काकी काठावर उभी होती. "आमका पिऊक पाणी नाय नि तुजे मासे न्हातत!" हसून म्हणाली. पण म्हणाली.

तिची नात दिव्या मात्र टाकीला नाक लावून बसते. आईबाप मुंबईला, पोर आजी-आजोबांकडे. सुट्टी लागल्यापासून अर्धा दिवस माझ्याच घरात. मला बरं वाटतं. एरवी ह्या घरात बोलणारं आहे कोण?

२३ एप्रिल, बुधवार

केलं एकदाचं!

काकीकडचे सगळे वैभववाडीला लग्नाला गेले होते. भर दुपारी दोघांना बादलीत घातलं आणि दोराने विहिरीत सोडलं. थोरला जरा वेळ पृष्ठभागावर थांबला, वर बघत. मग गेला खाली.

एवढं काय त्यात? विहिरीत मासे सोडणं काही नवीन आहे का? आरोग्यवाले डासांसाठी गप्पी सोडतात ते काय? माझ्या पपांनी तर नदीतले मासे आणून आमच्या विहिरीत सोडले होते, पाणी निवळ राहतं म्हणून. आजवर विहीर माशांकडे नेत होते, आता मासे विहिरीत नेले. माझी पाठ सुटली.

नेल्सनला सांगितलं — एकमेकांना मारून मेले. तो म्हणाला, "पुरलंस मगे नीट?" हो म्हटलं. वाईट वाटलं, पण परत आणायला गेले नाही. दिव्यालाही तेच सांगितलं.

२ मे, शुक्रवार

विहिरीतले बेडूक ओरडत नाहीत. आधी लक्षात आलं नाही. आज कळशी सोडताना ती शांतता एकदम कानात भरली. वाकून पाहिलं. गप्पी एकही नाही. गेल्या महिन्यात ढिगाने होते.

१३ मे, मंगळवार

नर्मदाकाकी हातातली रिकामी कळशी घेऊन धावत आली. "बावीत कायतरी आसा गो! माजी कळशी खालसून ढकलल्यान!" चेहरा पांढरा पडला होता तिचा.

कासव असेल, म्हटलं.

मग मी स्वतः गेले. कळशी पाण्याला टेकते न टेकते तोच खालून दणका! दोर हातात थरथरला. दुसऱ्यांदा सोडली, तसंच. माझ्या हातून खाणारे मासे हे, बोट चोखायचे. आता तांब्यालासुद्धा जवळ येऊ देत नाहीत. एवढं कसलं वैर धरलंय मला कळेना.

काकीला सांगून टाकावं का? बोलेल, चार दिवस तोंड फिरवेल. मग सगळ्या वाडीत होईल — नेल्सनच्या बायकोने प्यायच्या पाण्यात राक्षस सोडले. नको. आणखी थोडे दिवस बघते.

२० मे

आरोग्य केंद्राची आशाताई शर्मिला आली. बॅटरी मारून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "डासांच्यो अळयो किती वळवळतत बघ! मागच्या टायमाक सोडलेले गप्पी खंय गेले सगळे?" बाटलीभर नवे सोडले.

मी कठड्याशी उभी. टपटप पडले ते पाण्यात, आणि खालून काहीतरी काळं वर आलं. शर्मिला बाटलीचं बूच लावत होती. तिने पाहिलं नाही. मी पाहिलं आणि गप्प राहिले.

२८ मे

घरात डास बसू देत नाहीत. दिवसासुद्धा. दिव्याच्या पायांवर लाल पुरळ. तिला ओडोमॉस लावून दिलं. ओडोमॉस! माझी मलाच लाज वाटली.

३ जून

दिव्याला ताप.

५ जून, गुरुवार

डेंगू. प्लेटलेट्स उतरल्या, ओरोसच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय. जाताना रिक्षात आजीच्या मांडीवर डोकं, डोळे अर्धे मिटलेले. मला बघून म्हणाली, "मावशे, मी येयपर्यंत नवे मासे हाड." आणते, म्हटलं.

शर्मिला सगळ्या वाडीत पिंपं पालथी करत फिरली. शेवटी म्हणाली, "दुसरीकडे कायच नाय. तुमच्याच बावीत आसत."

आज जेवले नाही. त्या पोरीला काही झालं तर ते माझ्यामुळे. दुसरं कोणाचं नाव घेणार?

७ जून, शनिवार

दिव्याच्या आजोबांनी, गंगारामकाकांनी, विहिरीवर गाऱ्हाणं घातलं. ओरोसहून पहाटेच आले होते, दाढी वाढलेली. काकी तिकडेच आहे. वाडीतली पाच-सहा माणसं, आणि मी. क्रिस्तांव असले तरी वाडीच्या गाऱ्हाण्याला मी नेहमी उभी असते, आज आले नसते तर सगळ्यांनी विचारलं असतं. काकांनी नारळ धरला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ह्या पाण्यात कोणाचा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सगळ्यात मोठ्याने मीच म्हटलं.

"आणि जी काय इडापीडा आसात, ती बारा वाटांन भायर निघान जांव दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काकांचा आवाज फाटला. नारळ फुटला, पाणी विहिरीत पडलं. खाली खळबळ झाली. सगळे मागे सरले. एक जण पुटपुटला, "आयकल्यान."

तेव्हाच सांगायला हवं होतं! तोंड उघडलंही होतं. काकांनी डोळे पुसले आणि मी मिटलं.

११ जून, बुधवार

दिव्या घरी आली! सुकलीय, पण हसली. काकीला मिठी मारून मी एवढी रडले की तीच मला समजावत बसली. "बरी आसा गो आता, रडतंस कित्याक?" हे तिने मला समजवावं!

१२ जून

आज सगळ्या घरांतले लोक पेरणीच्या गडबडीत. गळ घेऊन गेले, कोळंबी लावून. पाणी आता बरंच वर आलंय. थोरल्यासाठी कोळंबीची गरजही नव्हती. मी वाकले, सावली पडली, तसा तो तोंड उघडून वर आला. टाकीत यायचा तसाच. एका क्षणी वाटलं ओळखलंय त्याने. तेवढ्यात गळ लागला.

धाकटा येईना. दगडांमधल्या एका कपारीपुढून हलतच नव्हता. शेवटी गळ तिथेच नेला, तोंडापुढे. त्याने खाल्लं नाही, चिडून चावला.

दोघांना माडाच्या मुळाशी पुरलं. हात कितीदा धुतले तरी वास जाईना. नेल्सनला सांगितलेलं निदान आता खोटं राहिलं नाही. झालं, संपलं. काकीला कधीतरी सांगेन — दिव्या पुरती बरी झाली की.

२४ जून

शर्मिलाने पुन्हा गप्पी सोडले. जगले! आज दिसले. मेणबत्ती लावली सायबिणीपुढे.

६ जुलै, रविवार

विहीर काठोकाठ भरली. दरवर्षीसारखं पाणी कठड्याच्या भोकातून व्हाळाच्या ओढ्यात चाललंय, व्हाळातून मळ्यात, मळ्यातून पुढे सगळ्या गावभर.

दिव्या भिजून धावत आली, हातात बाटली. "मावशे, बघ! गप्पी व्हाळात पण इले! मळ्यात पण! खंयपण हात घाल, गावतत!"

बाटली उजेडाला धरली. शर्टाच्या बटणाएवढे. काळ्या अंगावर पांढऱ्या नागमोडी रेघा.

म्हणजे टाकीत थोरला-धाकटा भांडत नव्हते. जोडी होती ती.