गनबोट इनेसचा एका पानाचा इतिहास

३ मार्च १९०७, कॅव्हिटे
कॅप्टन म्हणाले, "व्हिटलो, बोट मोडीत जायच्या आत तिचा इतिहास एका पानात बसव. आणि रडगाणं नको." मी इनेसवरचा कारकून. बसवतो म्हटलं.
स्पॅनिशांकडून आम्हा अमेरिकनांच्या हाती आली. आठ वर्षं फिलिपाइन्सच्या बेटांत गस्त. तापाने नऊ मेले. एक पळाला — लायनस हेवर्टी, ऑगस्ट १९०४.
एवढं लिहून पेन ठेवलं.

४ मार्च
जेवण गेलं नाही.

६ मार्च
माझ्या या वहीत तरी खरं लिहावं. बासिलान बेटावर त्या सकाळी हजेरीत लायनस नव्हता. गावात पिऊन पडला असेल, येईल मागून — म्हणून त्याच्या नावाला मीच "हजर" म्हणालो. आम्ही सगळेच एकमेकांसाठी म्हणायचो. माझ्यासाठी त्याने कितीदा तरी म्हटलं होतं! लगेच नांगर उचलला. पुढच्या बंदरात, सांबोआंगाला, तो सापडेना. सकाळी हजर, म्हणजे इथे उतरून पळाला — शेरा पडला.
पुढे बासिलानच्या होडीवाल्याने मला सांगितलं, रात्रीच त्याला बोटीवर सोडलं होतं. म्हणजे पाण्यात पडला. रात्रीच बुडाला असणार, माझ्या एका शब्दाने काय बिघडलं? अडीच वर्षं हेच घोकतोय. तरी हजेरीत त्याच्या आधी पुकारायच्या हेलच्या नावानंतर मला अजून त्याचं नाव ऐकू येतं. भीती वाटते.

७ मार्च
त्याच्या आईचं पत्र, ओहायोहून. "माझा लायनस पळणारा नव्हे रे. चर्चमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही. तू त्याचा मित्र ना? तू सांग त्यांना."

८ मार्च
कॅप्टनना सगळं सांगितलं.
"कोर्टात उभा राहशील, कळतंय ना?"
"हो साहेब."
"मग अडीच वर्षं कुठे होती ही अक्कल?"
साली नावाचा आमचा वाटाड्या बासिलानचाच. प्रेत कुणाला मिळालं होतं का, हे विचारायला कॅप्टन त्याला उद्याच्या बोटीने धाडतायत.
हलकं वाटतंय. शेरा पुसला जाईल. म्हातारीला लिहिता येईल.

२७ मार्च
साली आला. प्रेत मिळालं नव्हतं. पण गावकरी सांगतात, त्या दिवशी ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकावर एक गोरा दुपारपर्यंत उभा होता, शर्ट हलवत. मग भरती आली.
"मग त्यांनी होडी का नाही घातली रे?" मी विचारलं.
साली खाली बघत म्हणाला, "मीही हेच विचारलं. ते म्हणाले, त्याचीच बोट समोरून गेली, थांबली नाही. आम्हाला वाटलं, तुम्हीच त्याला शिक्षा म्हणून तिथे सोडलंय."