झाडामागची बकरी

बाबा, शाळेत गुरुजी म्हणायचं आणि घरी बाबा, असा तुमचा नियम होता. एकदा वर्गात माझ्या तोंडून चुकून बाबा निघालं, तर दुपारच्या सुट्टीपर्यंत उभी होते. आज त्याच वर्गात, तुमच्याच खुर्चीवर बसून लिहितेय आणि मुद्दाम बाबा म्हणतेय. उभं करायला आता कोणी नाही.

दोन वर्षांपूर्वी बदलीत मला ही तुमची शाळा मिळाली. लोक म्हणाले, बापाच्या जागी लेक आली, नशीब काढलं. चार्ज घेताना लोखंडी कपाटाची चावी हातात आली आणि आत तुमची चित्रांची पुस्तकं निघाली, प्लास्टिकमध्ये बांधलेली, मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला. रिसोडहून साहेब तपासणीला यायचे तेव्हाच ती बाहेर निघत. आम्ही हापशीवर हात धुऊन रांगेत बसायचो, पण पान तुम्हीच उलटायचात. मग आमचे हात कशाला धुवायला लावायचात, हे मला अजून कळलेलं नाही. पोरांनी हाताळली की पुस्तकं मळतात म्हणायचात. नाही मळली. एवढ्या वर्षांत एका पानाचा कोपरासुद्धा दुमडला नाही, आणि एकाही पोराला त्यातलं काही मिळालं नाही.

अशाच एका तपासणीचा दिवस, मी दुसरीत आहे. साहेब बकऱ्यांचं चित्र उघडतात आणि विचारतात, किती आहेत. तुम्ही मला उठवता, कारण वर्गात सगळ्यात आधी पाढे माझे पाठ झालेत. मी जवळ जाऊन नीट बघते आणि आठ म्हणते.

"सात हायेत. पुन्हा मोज."

"मोजल्या ना गुरुजी. एक झाडामागं हाय. तिची शेपटी दिसून राह्यली."

साहेब हसले. त्यात वाईट काही नव्हतं, हे आता कळतं. तुम्हाला मात्र ते लागलं. माझा कान धरून तुम्ही म्हणालात, "शेपटीची बकरी होते काय? मास्तरची पोरगी अन् इले सात बकऱ्या मोजता येत नाहीत." सगळा वर्ग हसला. घरी जेवताना तुम्ही तेच आईला सांगितलंत आणि दादाही हसला. दहावीनंतर मी सायन्सचं नाव काढलं, तेव्हा पुन्हा तेच. "जिले बकऱ्या मोजता येत नाहीत, थे सायन्स काय करन?" वाशीमला खोली घेऊन दादा सायन्स शिकला. मी आर्ट्स केलं, मग डी.एड. तुम्ही गंमत म्हणून बोलत असाल. मी मात्र ते खरं धरून चालले. आजही भाताला वाट्या घेताना तिसरी वाटी घातली की नाही, म्हणून हात थांबतो. तुमच्या शेवटच्या आजारात मी तळहातावर गोळ्या ठेवायचे आणि तुम्ही म्हणायचात, "पुन्हा मोज." मी मोजायचे. राग यायचा, पण मोजायचे.

तुमची पुस्तकं मी पहिल्याच आठवड्यात पोरांच्या हातात दिली. आता माझं अर्धं गणित त्या चित्रांवरच चालतं. भाकरीचं चित्र आलं की अर्धं आणि पाव, विहिरीचं आलं की खोल आणि उथळ. एका पुस्तकात बाजाराचं चित्र आहे, त्यात चार बैल बांधलेत. मी विचारलं, सगळ्यांचे मिळून पाय किती? पोरं बोट ठेवून पाय मोजायला लागली, कोणी चौदा म्हणालं, कोणी पंधरा. मागच्या बाकावर एक पोरगी बसते, तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि ही आजीजवळ राहते. ती म्हणाली, "सोया हायेत मॅडम. एक बैल बसेल हाय, त्याचे दोन पाय पोटाखाली दबले. पन थे धरा लागते ना." मी तिला शाबासकी दिली आणि फळ्यावर सोळा लिहून तिकडेच तोंड करून उभी राहिले. डोळे भरले होते, आणि खरं सांगते, त्यात आनंद कमी होता.

बकऱ्यांचं पुस्तक तेवढं मी उघडत नव्हते. गेल्या आठवड्यात उघडलं. प्रत्येक बकरीच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक आकडा आहे, एक, दोन, तीन, असा सातपर्यंत. आणि झाडाच्या बुंध्याशी, शेपटीजवळ, आठ. त्याला गोल केलाय. अक्षर तुमचं आहे, आठचं शेपूट तुम्ही तसंच लांब ओढायचात. ज्या माणसाने पोरांचं बोट पानाला लागू दिलं नाही, त्याने त्या पानावर पेन्सिल चालवली. कधी, ते माहीत नाही. त्याच संध्याकाळी असेल, नाहीतर वर्षांनी.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. नुसती चूक असती तर मी कधीच सोडून दिली असती, माणूस चुकतो. तुम्ही मोजलंत, गोल केलात, पुस्तक बांधून कपाटात ठेवलंत आणि घरी येऊन माझ्यासमोर बसून जेवलात. "तुह्यं बरोबर होतं," एवढं म्हणायला काय जात होतं, बाबा? दवाखान्यात आपण दोघंच होतो. तेव्हा तर साहेबही नव्हते.

हे कुठे धाडायचं नाही, त्याच पानात ठेवणार आहे. एक मात्र सांगते. बाकीची पुस्तकं पोरांनी पार मळवून टाकलीत, आणि हे एक मी पुन्हा प्लास्टिकमध्ये बांधलं. कोणी खोडरबर फिरवला तर तो आठ जाईल. काल त्या ऊसतोडीवाल्यांच्या पोरीने विचारलं, "मॅडम, कपाटातलं थे पुस्तक काहून देत नाही?"

मी म्हटलं, "मळते."