एक जूनची माणसं

६ जानेवारी, सोमवार
वारूळवाडीत साळुबाईंच्या माडीवरची खोली मिळाली. एक खिडकी, एक टेबल आणि खाली गोठा. अभ्यासाला याहून काय हवं? कुठल्या वयाची किती माणसं वर्षभरात जातील याचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून विमा ठरवायचा, हे अॅक्च्युअरीचं काम. मी अजून शिकाऊ. दोन पेपर सुटलेत, तिसरा मेमध्ये. आई गावभर सांगते, मोहित साहेब झाला. झुंबरआत्या म्हणते, मरणाचा मास्तर झाला. तीन महिने इथल्या दूधसंस्थेच्या सभासदांची वयं तपासायची आहेत. साळुबाईंनी भाड्याच्या आधी लग्नाचं विचारलं.

८ जानेवारी
सभासद दोनशे चौदा, त्यातले एकशे एकतीस जण एक जूनला जन्मलेले. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजे वर्ष आणि एक जून ठोकून दिला. माझाही एक जूनच. पुण्याच्या ऑफिसात माझं काम बघणाऱ्या सुदर्शन सरांना हे फोनवर सांगितलं, तर ते हसले नाहीत. खोट्या वयांवर कोष्टक उभं राहत नाही, खरी शोधून काढ, म्हणाले. मग काय, दारोदार फिरलो. गेणभाऊ कागदावर साठ वर्षांचे, पण बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होते आणि तेव्हा मिसरूड फुटलेलं. म्हणजे एकाहत्तर. लॅपटॉपवरच्या नव्या यादीत पहिली ओळ भरली आणि स्वतःवरच खूश झालो.

११ जानेवारी
सावळेराम आणि भागूबाई यांची वयं भरून झाली. एकेका वयाला अर्धा दिवस जातो. साळुबाईंनी मात्र स्वतःचं सांगितलं नाही. म्हणाल्या, "यमालाबी तारीख लागती, भाऊ. मास्तरच्या तारखेवर तो हिंडत ऱ्हातो, त्याला मानूस घावत न्हाई. खरं लिवू नये." लई हसलो. सरांना सांगायला हवं.

१२ जानेवारी, रविवार
घरी, डोंगरात. आईला काम कसं चालतं ते दाखवायचं म्हणून तिचंच वय काढलं. कागदावर अठ्ठेचाळीस, खरी पंचावन्न. आजीला भातलावणीत कळा आल्या आणि आई बांधावरच झाली. हे आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. सांगताना तोंडाला पदर लावून हसत होती. यादीत चौथी ओळ म्हणून तिचं नाव भरलं, तर तिनं पडद्यावर त्यावरून बोट फिरवलं. तेवढ्यात एसटी आली. माझं खरं वय विचारायचं राहिलं.

१५ जानेवारी
गेणभाऊ गेले. सकाळी डेअरीवर दुधाची किटली ठेवली आणि तिथेच बसले ते उठलेच नाहीत. एकाहत्तराव्या वर्षी असं होऊ शकतं. कोष्टकात आकडा आहे त्याचा.

१८ जानेवारी
सावळेराम. झोपेतच.
दोनशे चौदांत वर्षाला तीन-चार मरणं धरली होती. आठवड्यात दोन. योगायोगाचं गणित मांडलं, पण उत्तर लिहवत नाही. नवीन वयं विचारणं थांबवलंय. साळुबाई माझ्याशी बोलत नाहीत.

२१ जानेवारी
भागूबाई.
ज्या क्रमानं भरलं त्याच क्रमानं. आता चौथी ओळ —

२२ जानेवारी
आईची तारीख पुसून एक जून घातला. सकाळी पाहिलं तर पुन्हा खरीच. अख्खी ओळ काढली. चहा पिऊन आलो तर ओळ जागेवर. आईला फोन केला. जरा कणकण आहे म्हणाली. आवाज बारीक —

२४ जानेवारी
मंचरच्या दवाखान्यात आहे आई. श्वास पुरत नाही. तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. मीच केलं, म्हणालो. रागावली नाही. केसांतून हात फिरवला. मग म्हणाली, "तुझी तारीख न्हाई सांगायची मी. एक जूनच धर." आणि भिंतीकडं तोंड केलं. तिचं तोंड मला पाहायचं होतं.

२५ जानेवारी
आई गेली.
कुणी विचारलं तर वय काय सांगू —

३ फेब्रुवारी
दहावा. कावळा शिवेना. मामानं हात जोडून माझ्या बहिणींचं सांभाळीन म्हटलं, तरी नाही. मी मनात म्हणालो, आई, माझी तारीख कुणालाही विचारणार नाही. लगेच शिवला.
विचारली नाही. आई, खरंच नाही विचारली.
घरी येताना आत्यानंच जवळ घेतलं. रडू नको, म्हणाली, तू झालास तेव्हा तुझी आई किती — मी कान झाकले. उशीर झाला, दिवस ऐकू आला होता.

संध्याकाळी
यादी उघडली. पाचवी ओळ आहे. मी भरलेली नाही.
नाव माझं. एक जूनशी सातच महिन्यांचा फरक.
वसुबारस. आई गाईला ओवाळून उठली आणि मी —