वहिनीचे डोहाळे

अंबरनाथ, मंगळवार

आई,

वहिनीला घेऊन कल्याणच्या डॉक्टरीणबाईंकडे जाते आहे. आजचं डोहाळजेवण होणार नाही, शेजारी तसं सांग. राग माझ्यावर काढ, तिच्यावर नको.

तिला चिंच हवी, आवळा हवा, असं मी तुला सांगत आले ते सगळं खोटं होतं. तिला काहीच नको असायचं. तू खूश राहावीस म्हणून डोहाळे मीच रचले, आणि तिचं न जेवणं, न झोपणं त्याखाली झाकलं गेलं. परवा ती म्हणाली, “वन्सं, मी नसले तर बाळाला तुम्ही सांभाळाल ना?” शाळेत विज्ञान शिकवणारी मी हसून म्हणाले, “का, सिनेमाला जाताय?”

आज पहाटे ती विहिरीच्या काठावर बसलेली सापडली.

हे नखरे नाहीत. हा मनाचा आजार आहे, गरोदरपणातही होतो आणि उपचारांनी बरा होतो. दादा कारखान्यातून आला की त्याला एवढं नीट सांग. तिला आता एकटं सोडायचं नाही.

हात धरून घरी आणताना मी पहिल्यांदाच मनापासून विचारलं, काय हवंय. म्हणाली, “झोप.”

आम्ही आलो की तिच्यापुढे ताट वाढू नकोस. माझ्या खोलीत अंथरूण घालून ठेव.

पद्मजा