प्रेमलाकाकूंचे गुरुवार

१ डिसेंबर, रविवार
धारला पोचले! देवासहून इंदूर, तिथे गंगवाल बसस्थानकावर बस बदलली आणि दुपारच्या चहाला दारात हजर. प्रेमलाकाकू फाटकातच उभ्या होत्या. म्हणाल्या, अगं, महिनाभर राहायचंय आणि पिशवी एवढीशीच? वय शहात्तर, गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. मुलगा नीलकंठ पुण्याला असतो. तो, सून अल्पना आणि नऊ वर्षांची नात चिऊ नाताळच्या सुट्टीत पंचवीसला येणार. तोवर काकूंना सोबत म्हणून मी. चिऊच्या बिनअंड्याच्या केकसाठी काळ्या मनुका आत्ताच निवडून झाल्यात, तारा कुठे टांगायचा तेही ठरलंय. माझी शाळा हिंदी, मराठी लिहा-वाचायला आजोबांनी, बापूंनी, घरी शिकवलं. रोज मराठीतच लिही, असं त्यांनी बजावलंय. तर लिहिते. ऋजुता, तेवीस वर्षं, पहिलीच नोकरी. चुका होऊ नयेत.

५ डिसेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. काकूंनी लग्नापासून एकही सोडला नाही, काका गेले तरी. यंदा पाटावर बसवत नाही, म्हणून पूजेला मला बसवलं. तळहातावर पाणी घेऊन नाव-गोत्र सांगायचं, तिथे मी अडले. बापू सांगतात, बसणाऱ्याने आधी आपलं नाव घ्यावं, मग ज्याच्यासाठी करतो त्याचं. काकू म्हणाल्या, व्रत माझं, मग नुसतं माझंच घे, तुझं कशाला मध्ये? मोठ्या माणसाला कसं टोकायचं? ‘प्रेमला’ म्हणाले आणि पाणी ताम्हणात सोडलं. उठताना भिंतीला हात टेकावा लागला. काकूंनी मात्र चार पुऱ्या खाल्ल्या आणि हसून म्हणाल्या, आज तोंडाला चव आली बाई.

९ डिसेंबर, सोमवार
गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, जिन्यात दोनदा बसले. काकू म्हणतात, यंदा थंडी जास्त आहे, सवय होईल. त्या स्वतः एकट्या बाजारात जाऊन गराडूचे कंद घेऊन आल्या, आल्या आल्या तळायलाही घेतले. आईला फोन केला. तिने आधी विचारलं, कौन बोल रही हैं? मग म्हणाली, घसा बसलाय का गं, एखाद्या म्हातारीसारखी वाटलीस.

१२ डिसेंबर, गुरुवार
दुसरा गुरुवार. आज काकूंनी काही सांगितलं नव्हतं. मी आपणहून त्यांचंच नाव घेतलं. का, ते कळत नाही.
पोथी वाचताना अक्षरं पुसट दिसली. काकू चष्म्याशिवाय पेपर वाचत होत्या.

१६ डिसेंबर, सोमवार
दूधवाल्या भूपेंद्रने मला विचारलं, माँजी, भिया लोग कब आ रिये हैं? आणि काकूंना म्हणाला, दीदी, आधा लीटर ज्यादा दूँ क्या?
काकूंनी पातेलं पुढे केलं. 
आरसा बघितला. कानामागचे केस पांढरे. आणि हात— हे हात माझे नाहीत.

१८ डिसेंबर, बुधवार
बापूंना सगळं सांगितलं. आधी आवाज ओळखेनात. मग म्हणाले, तुझ्या जागी तू दुसरीला बसवलंस पोरी. उद्या पाणी सोडताना तुझं नाव घे. चारही गुरुवार तिच्या नावाने झाले, तर व्रत तिचं राहील आणि तू—


१९ डिसेंबर, गुरुवार
पाणी हातात धरून बसले होते. ऋजुता, ऋजुता, मनात चाललं होतं. तोंड उघडलं आणि प्रेमला.
काकू मागे उभ्या होत्या. माझ्या खांद्यावर शाल घातली. म्हणाल्या, मी फार थकले होते गं. इतकंच.

२२, रविवार
निघाले होते. कोपऱ्यापर्यंत. गुडघे—
त्यांनीच हाताला धरून परत आणलं. केकच्या मनुका भिजत घालायच्या होत्या.

२५, बुधवार
आले सगळे. चिऊ धावत आली आणि मला बिलगली. आजी, किती बारीक झालीस! लाल टोपी माझ्या डोक्यावर. अल्पना पाया पडली. मी नीलकंठला म्हटलं, मी तुझी आई नाही. त्याने अल्पनाकडे बघितलं. हळूच म्हणाला, डॉक्टरना दाखवू.
काकू स्वयंपाकघरातून केक घेऊन आल्या. अल्पनाने नाव विचारलं तर सांगितलं, ऋजुता. देवासची.

२६, गुरुवार
शेवटचा. ती सकाळच्या बसने गेली. माझ्या आईकडे.
पाटावर बसता येत नाही. अल्पना म्हणाली, राहू द्या ना आई, चिऊ बसेल. चिऊ आनंदाने तयार. नीलकंठ आणि अल्पना बाजारात गेली, फुलं आणायला.
फक्त दुसऱ्या कोणी माझं नाव घेतलं तर— तिची जागा मला, माझी तिला. नऊ वर्षांची आहे. नऊ. पण मी तेवीस—
फार थकले आहे.
चिऊने तळहातावर पाणी घेतलंय. थेंब गळतायत. विचारते आहे, आजी, लवकर सांग ना, कोणाचं नाव घेऊ?
बाळ, तू